न्याहारीची सराई

सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या सडकेवर, हुमनाबादच्या थोडं अलीकडे, एक जुनी दगडी सराई होती. कुण्या बादशहाच्या वेळची ते सांगणारे पुष्कळ होते, पण दोघांचं सांगणं कधी एक निघायचं नाही. समोर कमानी, आत फरसबंदी चौक, चौकात हौद, मागं बैलांचा गोठा. आणि दोन चुली. उत्तरेकडची चूल लाडलेसाबच्या घराण्याकडं, दक्षिणेकडची लिंगायतांच्या एका घराण्याकडं. कुणी वाटून दिल्या होत्या ठाऊक नाही, पण तशाच चालत आल्या होत्या.

या सराईचा एक रिवाज होता. संध्याकाळी येणाऱ्यानं आपली शिदोरी आपण सोडावी, सराईनं त्याला नुसती जागा आणि पाणी द्यावं. सकाळी मात्र न्याहारी केल्याशिवाय कुणाला बाहेर पडू द्यायचं नाही. उत्तरेच्या चुलीवर खिचडी आणि चिंचेचा खट्टा, दक्षिणेच्या चुलीवर ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि ताक. ज्याला जिथलं चालतं त्यानं तिथलं खावं. म्हणून दूरदूरचे गाडीवान तिला न्याहारीची सराईच म्हणायचे.

ईरम्मा या दक्षिणेच्या चुलीची मालकीण. आळंदच्या बाजूची लेक, रेवणसिद्धप्पाशी लग्न होऊन इथं आली तेव्हा तिला भाकरी नीट थापताही येत नव्हती. पुढं पंधरा माणसांच्या भाकऱ्या ती बोलता बोलता उतरवू लागली. रेवणसिद्धप्पा पटकीच्या साथीत गेला. लेक सावित्रम्मा अफजलपूरला दिलेली. ती म्हणाली, "अव्वा, इथं एकलीनं ऱ्हाऊन काय करायलीस? चल माझ्याकडं." ईरम्मा गेली नाही. लेकीच्या घरी चार दिवस पाहुणी म्हणून राहावं, पाचव्या दिवशी आपण जड होतो, हे तिनं सराईत बसून पुष्कळ माणसांच्या तोंडून ऐकलं होतं. आणि ती एकटी कुठं होती? चौकाच्या पलीकडं लाडलेसाब होता, त्याची बायको खासीमबी होती.

लाडलेसाब म्हणजे अगदी शांत माणूस. आळंदच्या लाडले पीराच्या दर्ग्याला नवस करून झालेला, म्हणून नाव लाडले. मूलबाळ नव्हतं. रेवणसिद्धप्पा गेला त्या दिवसापासून ईरम्माच्या हौदावरच्या घागरी तोच भरून ठेवायचा. खासीमबी बोलकी, हसरी. गळ्यात लग्नाचा काळ्या मण्यांचा लच्छा, तिच्या चालण्याबरोबर किणकिणायचा. ईरम्मा तिच्याहून पाच-सात वर्षांनी मोठी, म्हणून ती तिला अक्का म्हणायची. एकीच्या घरचं शिजलेलं दुसरी तोंडात घालत नव्हती, पण एकीचा विस्तव विझला तर दुसरीच्या चुलीतला निखारा जायचा.

मग ते साल आलं. निजामाच्या राज्याचं शेवटचं. रजाकारांच्या टोळ्या सडकेनं फिरायला लागल्या. आषाढात एक टोळी सराईत उतरली. बंदुकीवाले लोक, त्यांना नाही कोण म्हणणार? रात्र काढली, सकाळी न्याहारी मागितली. माणसं जास्त होती, एका चुलीनं भागेना. लाडलेसाब हात जोडून ईरम्माकडं आला. "अक्का, थोड्या भाकरी टाकता का? न्हाई तर सराई जाळतील." ईरम्मानं भाकरी टाकल्या. ते लोक खाऊन उठले आणि दोन कोसांवरच्या एका वाडीवर गेले. वाडी लुटली, कडब्याच्या गंजी पेटवल्या, आणि जगदेवप्पा नावाचा एक तरणा लिंगायत आडवा आला त्याला गोळी घातली.

भाद्रपदात हिंदुस्थानची पलटण आली. सोलापूरकडून रणगाडे आले, धूळ उडवत सराईसमोरून हुमनाबादकडं गेले. लोकांनी कमानीत उभं राहून ते पाहिले. लाडलेसाबनंही पाहिले. पलटण पुढं गेली आणि मागं मोकळं रान राहिलं. रजाकार कुठल्या कुठं पळाले होते. पण लोकांच्या मनात वर्षभराचा राग होता आणि हाताशी होते ते गावोगावचे घरी बसलेले मुसलमान.

एका दुपारी वाडीची माणसं सराईत आली. पुढं काशप्पा होता, मेलेल्या जगदेवप्पाचा थोरला भाऊ. लाडलेसाब गोठ्यात बैलांना पाणी दाखवत होता. काशप्पानं त्याच्याकडं बोट केलं. "ह्योच. ह्यानंच त्यांला जेवू घातलं."

ईरम्मा धावत गेली. "अरं, ह्यानं काय केलंय? कुटं नेता ह्याला?"

कुणीतरी तिला बाजूला ढकललं. ती हौदाच्या काठावर आदळली. उठेपर्यंत ते माळाच्या वाटेला लागले होते. खासीमबी मागच्या परसात होती, ती आली तेव्हा तिला नुसत्या पाठी दिसल्या, आणि त्या पाठींमध्ये नवऱ्याची पांढरी टोपी. ईरम्मानं तिला सगळं सांगितलं. कोण होतं, कुठल्या वाडीचं, कुणी बोट दाखवलं. लपवलं काहीच नाही.

लाडलेसाब परत आला नाही.

दोघींनी ओढे धुंडाळले, काटेवनं पाहिली. वाडीवर जायची छाती झाली नाही. खासीमबीचा भाऊ खाजासाब गुलबर्ग्याच्या गिरणीत होता. तो जिवाच्या भीतीनं दोन महिने येऊ शकला नाही, आला तेव्हा बहिणीला न्यायलाच आला. ती म्हणाली, "नक्को भाई. उनो वापस आये तो मैं यहाँ रहना नक्को क्या?" नवरा मेला असं तिला कुणी दाखवलं नव्हतं. मग तिनं लच्छा कसा काढावा? बांगड्या कशा फोडाव्या? ती विधवा नव्हती आणि सुवासिनी तरी कुठं होती! रोज सकाळी खिचडी टाकायची. हसणं मात्र गेलं. प्रवासी विचारायचे, "लाडलेसाब कुठं गेले?" ती म्हणायची, "बाहर गये." असं दोन वर्षं चाललं. तेवढ्या काळात ईरम्मा दुपारी माळाकडं तोंड करून कधी बसली नाही.

दुसरं वर्ष सरत आलं तेव्हा हस्ताच्या पावसानं झोडपून काढलं. सराईच्या पुढचा ओढा दोन्ही थड्या सोडून वाहू लागला, मोटारी अलीकडं थांबल्या, माणसं सराईत अडकली. त्या दिवशी दिवेलागणीच्या आधी एक बैलगाडी चौकात शिरली. गाडीवर पोत्याची खोळ घेतलेली म्हातारी, आणि बैलांपुढं कासरा धरून काशप्पा.

ईरम्माच्या हातातली परात तशीच राहिली. काशप्पानं मान वर केली नाही. खाली बघूनच म्हणाला, "अव्वाला हैद्राबादच्या दवाखान्यात न्यायचंय. डोळ्यांत मोत्या उतरलाय. मोटार न्हाई. पानी उतरस्तवर..."

ईरम्मानं चौकापलीकडं पाहिलं. खासीमबी दारात उभी होती. तिनं काशप्पाला पाहिलं, आत गेली आणि दार लावून घेतलं. सराईच्या दारातून माणसाला परत लावायचं कसं, ते ईरम्माला कुणी शिकवलं नव्हतं. तिनं म्हातारीचा हात धरून तिला उतरवून घेतलं. काशप्पा आत आलाच नाही. गोठ्यात बैलांजवळ पोतं अंथरून बसला.

म्हातारीचं नाव पार्वतम्मा. डोळ्यांना नुसता उजेड-अंधार कळायचा, पण तोंड सारखं चालू. कमान केवढी आहे, हौद कुठं आहे, भाकरी कुठल्या ज्वारीची आहे, सगळं विचारायची. तिला काहीच ठाऊक नव्हतं. थोरल्या लेकानं काय केलं हे वाडीतल्या कुणीही तिला सांगितलं नव्हतं. धाकटा गेल्यानं ती अर्धी मेली होती, उरलेलीला कशाला मारा म्हणून असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ईरम्मा भाकऱ्यांच्या गर्दीत होती. अडकलेले प्रवासी पंगत धरून बसले होते. पार्वतम्मा भिंत चाचपत उठली, चुकून हौदाकडं वळली आणि शेवाळावरून पाय घसरला. ईरम्मानं तव्यावरून पाहिलं, ओरडली, पण तिच्या आधी उत्तरेचं दार उघडलं होतं. खासीमबीनं धावत येऊन म्हातारीला दंडाला धरून ओढलं.

"कोन गं बाई?" पार्वतम्मा तिचे हात चाचपत म्हणाली. "लच्छा वाजायलाय. मुसलमानाची व्हय तू?"

"हौ."

म्हातारीनं तिचे हात सोडले. मग म्हणाली, "तुमच्यातल्याच लोकानी माझा धाकटा मारला. आन तुमच्यातलीच तू मला हौदातून काढायलीस. त्या बसवण्णाची करनी त्यालाच ठावं."

खासीमबीनं म्हातारीला परसात नेलं, आणलं, भिंतीशी बसवलं, ओला पदर पिळून दिला. पाणी उतरेपर्यंत ते कामच तिच्याकडं गेलं. ईरम्माला हे बघवेना. दुपारी तिनं विचारलं, "खासीम, तू कामून करायलीस हे? मी हाय न्हवं?"

"बुढ्ढी गिरी तो?" खासीमबी तांदूळ निवडत म्हणाली. "अक्का, मेरेकू बदला नक्को. पोलिस भी नक्को. मेरेकू उनकी मट्टी होना. कहाँ है इतना मालूम होना, बस." आणि मग तिनं तांदळाचं सूप खाली ठेवलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच ती ईरम्मासमोर मोठ्यानं रडली.

ईरम्मा उठली ती सरळ गोठ्यात गेली. काशप्पा बैलांपुढं कडबा टाकत होता.

"मला वळखतोस न्हवं?"

"वळखतो, अक्का."

"रजाकारानी हितं न्याहारी केली आन तुमच्या वाडीवर गेले. खोटं न्हाई ते. पन निम्म्या लोकांच्या भाकरी माझ्या चुलीच्या व्हत्या. माझ्या ह्या हातच्या. मंग मला कामून न्हाई नेलंस?"

काशप्पाच्या हातातली पेंढी सुटली. "तुमी बाईमानूस. आन... आपल्यातल्या."

"आपल्यातल्या! त्यो काय परका व्हता व्हय? तुझा बाप बाजाराला जाताना हितं उतरायचा तवा त्याच्या बैलांला पानी कोन दाखवायचं?"

बैल फुसफुसले. ईरम्माचा आवाज खाली आला. "काशप्पा, कुनी मारलं ते मी इचारत न्हाई. कामून मारलं ते बी न्हाई. आपुन लिंगवंत, आपल्यात बी मानसाला मातीच देत्यात. मढ्याला माती लागंना तर घरातल्याला झोप लागंना, तुला ठावं हाय. कुटं टाकलाव तेवढं सांग."

तेवढ्यात आतून पार्वतम्माची हाक आली, "काशा, जेवलास का रं?"

काशप्पा ती हाक ऐकून खाली बसला. डोकं दोन्ही हातांत धरलं. मग जमिनीकडं बघत बोलला, एकेक शब्द उपटून काढल्यासारखा. "माळावर लिंबाजवळ पडकी हीर हाय. पानी नसलेली. तिच्यात. ते एकलेच न्हाईत तिच्यात, अक्का. आनखी बी हायत. वरून धोंडे टाकले." थोडं थांबून म्हणाला, "अव्वाला सांगू नका."

"मी सांगनार न्हाई," ईरम्मा म्हणाली. तिनं शब्द दिला खरा, पण कुणाची दया येऊन दिला की विहिरीचं ऐकून अंगातलं बळ गेलं म्हणून दिला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

पाणी उतरलं, मोटार आली. काशप्पा गाडी-बैल गोठ्यात ठेवून आईला घेऊन गेला. पुढं चार दिवसांनी वाडीचा एक गडी येऊन गाडी-बैल घेऊन गेला. मोटारीत चढताना पार्वतम्मा खासीमबीचा हात सोडेना. "डोळे आले की तुझं तोंड बघायला येते बग," असं दोनदा म्हणाली.

मोटार दिसेनाशी झाल्यावर ईरम्मानं खासीमबीला जवळ बसवलं आणि विहिरीचं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग उठून दोन भाकरींचं पीठ मळलं, परत झाकून ठेवलं, पुन्हा बसली. "धोंडे डाले?" एवढंच तिनं विचारलं.

हुमनाबादच्या मशिदीतली चार-पाच माणसं घेऊन दोघी माळावर गेल्या. विहिरीवर बोरीबाभळी वाढल्या होत्या. उतरून काढायचं म्हटलं तर कुणाचं कोणतं ओळखणार? मौलवीसाहेब म्हणाले, असू द्यात, इथंच माती देऊ. त्यांनी काठावर नमाज पढली. मग सगळ्यांनी पाट्यांनी माती लोटली. ईरम्मा बाजूला उभी होती. तिला कुणी ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. शेवटी तिनंही एक पाटी भरली आणि ओतली. पाठीमागून वाडीची दोन माणसं लांबून बघत होती.

परत आल्यावर खासीमबीनं हौदाच्या काठावर बांगड्या फोडल्या, लच्छा तोडला. मौलवी म्हणाले होते की मरणाला दोन वर्षं झाली, विधवेनं चार महिने दहा दिवस घरात बसायचे ते इद्दतचे दिवस केव्हाच सरले, आता बसायची गरज नाही. खासीमबी म्हणाली, "मैं बैठी कब? वो दिन मेरे नहीं थे." तिनं पांढरी साडी नेसली आणि आपल्या खोलीत बसली. दोन्ही चुली ईरम्माच्या गळ्यात पडल्या. सोवळं-ओवळं बाजूला ठेवून ती खिचडीचा हंडाही चढवू लागली. खट्टा तिला कधीच जमला नाही. मुसलमान गाडीवान तोंड वाकडं करून खायचे, पण बोलायचे नाहीत.

येळवस आली, रानात पूजा करून जेवायची मार्गशीर्षातली अवस. रानारानांतून आंबील-भज्जीचे डेरे डोक्यावर घेऊन माणसं जात होती. त्याच दुपारी हैदराबादची मोटार सराईसमोर थांबली आणि पार्वतम्मा खाली उतरली. दोन्ही डोळे एकामागून एक करून घेतलेले, वर जाड भिंगांचा चष्मा. मागं काशप्पा, तोंड काळवंडलेलं. वाडीची गाडी त्यांना न्यायला येऊन उभी होती, आणि तो आईला सरळ तिच्यातच चढवायला बघत होता. म्हातारी ऐकेना.

"तू ईरम्मा व्हय? आवाजापरास म्हातारी दिसायलीस," असं म्हणून ती हसली. "आन ती कुटं हाय? माझा हात धरलेली?"

"ती कुनाला भेटत न्हाई अव्वा आता. बसलीय आत."

"बाईला भेटायला काय झालं?" म्हणत ती चौक ओलांडून उत्तरेच्या दारात पोचली. ईरम्मा मागं धावली, काशप्पा चौकात थबकला.

खासीमबी भिंतीला टेकून बसली होती. पार्वतम्मानं चष्मा नीट केला, तिच्याकडं पाहिलं. पांढरी साडी, मोकळे हात, मोकळा गळा. "अगं बाई गं! मागं आले तवा लच्छा वाजत व्हता. कवा गेला तुझा मालक?"

"दोन साल हुये."

"मंग आत्ता बसलीस?"

"अब मालूम पडा."

"कुनी सांगितलं?"

ईरम्माला वाटलं आडवं व्हावं, काहीतरी बोलावं. पण खासीमबी म्हातारीच्या खांद्यावरून चौकात बघत होती. "तुम्हारे बेटेने," ती म्हणाली.

"काशानं? त्याला कसं ठावं?"

पार्वतम्मा वळली. नव्या डोळ्यांनी तिनं लेकाकडं पाहिलं, पुष्कळ वेळ पाहिलं. काशप्पाची मान खाली होती.

"काशा, हिकडं ये."

तो चार पावलं पुढं आला.

"तुझ्या हातानं?"

"अव्वा, त्या लोकानी आपल्या जगदेवप्पाला..."

"जगदेवप्पाचं नाव घिऊ नको. त्याचं मी इचारलं न्हाई तुला."

पार्वतम्मा भिंत धरत कमानीखाली गेली आणि खाली बसली. गाडी सांजेपर्यंत थांबली. काशप्पा दोनदा येऊन पायांशी बसला. तिनं एकदाही त्याच्याकडं पाहिलं नाही, मग तो रिकामी गाडी घेऊन गेला.

म्हातारी सराईत राहिली. सकाळी उठून ज्वारी पाखडायची, ईरम्माची चूल सारवायची, आणि काम सरलं की खासीमबीच्या दारासमोर जाऊन बसायची. बोलायची काहीच नाही. मूळची बडबडी बाई मुकी झाली होती. जेवायला ईरम्मानं दोनदा ओढून आणावं तेव्हा यायची.

प्रवाशांना ती भक्तीण वाटली. एकदोघांनी तर ईरम्माला सांगितलं, "भाग्य बगा त्या मुसलमान बाईचं, असलं मानूस दारात बसलंय." ईरम्मालाही आधी ते बरंच वाटलं होतं. वाटलं, दोघींचं दुःख एक होईल, निवेल. पण खासीमबीनं जेवण टाकलं. दार लावून घेऊ लागली. आणि एका सकाळी ईरम्मा पाण्याची घागर घेऊन आत गेली तेव्हा तिनं तिचा पदर धरला.

"अक्का, इनकू बोलो ना यहाँ से जाने. इनो रोज मेरे सामने आके बैठ रहे. इनका मुंह देखी तो मेरेकू वो दिन दिखता. मैं मेरे आदमीकू रोने बैठी हूँ. इनो मेरेकू वो भी करने नहीं देते."

"म्हातारीनं काय केलंय गं? तिला तर ठावं बी नव्हतं."

"कुछ नहीं किये. मालूम है मेरेकू. फिर भी."

ईरम्मा घागर ठेवून बाहेर आली. चुलीपुढं बसली. विस्तव विझत आला तरी फुंकलं नाही. सराई कुणाची, हा प्रश्न तिनं कधी केला नव्हता. रजाकारांनाही तिनं जा म्हटलं नव्हतं, काशप्पालाही म्हटलं नव्हतं. ज्यांना म्हणायला हवं होतं त्यांना म्हणता आलं नाही, आणि आता म्हणायचं ते ह्या म्हातारीला. पण ह्या सराईतून ज्याला ओढून नेलं त्याची बायको आत उपाशी होती. तिच्यापुढं दुसरं कुणाचं काय मोठं?

न्याहारी झाली. ईरम्मानं पार्वतम्माला ताक दिलं, ती पिईपर्यंत थांबली, मग तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली.

"अव्वा, तुमची लेक दुबलगुंडीला हाय न्हवं?"

पार्वतम्माला लगेच कळलं. "तिनं सांगितलं, मला घालव म्हनून?"

"व्हय."

"मी तिला काय म्हनत न्हाई. तिच्याजवळ काय मागत बी न्हाई. नुसती बसते."

"तेच तिला सोसंना, अव्वा."

म्हातारीनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पण परत लावला नाही. हातातच धरून बसली. "डोळे कशाला केले म्हनते मी," ती एवढंच म्हणाली. मग उठून आपलं गाठोडं बांधायला लागली. ईरम्माच्यानं मदत करवेना. दुबलगुंडीचा एक शेतकरी हुमनाबादचा बाजार करून परत निघाला होता, त्याच्या गाडीत जागा होती. जाताना पार्वतम्मा उत्तरेच्या बंद दाराकडं वळली, दोन पावलं गेली, आणि थांबून परत फिरली.

सराईच्या दारातून ईरम्मानं परत लावलेलं ते एकच माणूस.

खाजासाब थोड्याच दिवसांनी गुलबर्ग्याहून आला. विहिरीचं ऐकून तो पेटला. ठाण्यावर जायचं म्हणाला. खासीमबीला ते नको होतं, पण ईरम्मा म्हणाली, "तुला नगं आसंल. मला माझ्या डोळ्यांनी दिसलंय, ते मी कुनाला तरी सांगते." ती खाजासाबबरोबर गेली. अंमलदारानं तिला खुर्चीपुढं उभं करून ऐकून घेतलं. काशप्पाचं नाव घेताना तिची जीभ अडखळली नाही. तिनं रजाकारांना भाकरी घातल्या तेही सांगितलं. अंमलदार म्हणाला, "बाई, त्या वर्सात किती विहिरी भरल्या, कुणाकुणाचं उकरायचं? दोन्हीकडचं उकरावं लागंल." पुढं काहीच झालं नाही.

झालं ते ईरम्माला. वाडीचे लोक सराईत उतरेनासे झाले. ती घरची भानगड ठाण्यावर नेणारी बाई ठरली. मठातल्या एका बुजुर्गानं तिला ऐकवलं, "आपल्या मानसाविरुद्ध साक्ष दिलीस." ती म्हणाली, "कोन आपलं ते मला कळंना झालंय, अप्पा. तुमाला कळत आसंल तर सांगा." अफजलपूरहून सावित्रम्मा आली, भांडली, रडली, आईला न घेताच परत गेली.

इद्दत सरल्यावर खासीमबी भावाबरोबर गुलबर्ग्याला गेली. ईरम्मानं अडवलं नाही. उत्तरेची चूल थंड पडली. हुमनाबादच्या नाक्यावर चहाची दुकानं झाली, मोटारी तिथं थांबू लागल्या, बैलगाड्या कमी झाल्या. तरी ती पहाटे उठून भाकरी थापत होती. कधी तीन माणसं असायची, कधी एकही नाही.

काही वर्षांनी, हैदराबाद राज्य मोडून जिल्हे म्हैसूरला जाणार अशी बोलणी चालू असताना, पार्वतम्मा दुबलगुंडीत लेकीच्या घरी वारली. ती काशप्पाच्या उंबऱ्यात पुन्हा गेलीच नव्हती. ईरम्मा मातीला गेली. काशप्पा गावकुसाबाहेर एकटाच उभा होता. पोरानं माती द्यायची नाही असं म्हातारी सांगून गेली होती, पण पंचांनी मेलेल्या बाईचं कुठं ऐकायचं म्हणून त्याला हाताला धरून आणलं. त्यानं माती टाकली आणि तिथंच मटकन बसला. ईरम्मा त्याच्या जवळून गेली. बोलावंसं वाटलं नाही, टाकून बोलावंसंही वाटलं नाही.

त्याच उन्हाळ्यात ती गुलबर्ग्याला उरुसाच्या गर्दीत खासीमबीकडं गेली. दोन खोल्यांचं घर, पोराबाळांनी भरलेलं. खासीमबी भावजयीच्या हाताखाली राबत होती, केस पिकले होते. दोघी ओसरीच्या पायरीवर बसल्या. ईरम्मानं पार्वतम्मा गेल्याचं सांगितलं. आपण तिला सराईतून घालवली ते बरं केलं की वाईट, हेही तिला विचारायचं होतं. पण तेवढं तिच्यानं विचारवेना.

खासीमबी रस्त्यावरच्या माणसांकडं बघत होती. मग तिनं विचारलं, "आखिर तक दिखता था क्या उनकू?"

"दिसत व्हतं," ईरम्मा म्हणाली. "शेवटपतुर."

खासीमबीनं मान हलवली. आतून भावजयीनं हाक मारली तशी ती उठली आणि चुलीवरचा भात बघायला गेली.